त्या हाताला त्याचं काम परत द्या

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी तिला स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं आता बरंच परत आलंय. काठी घेऊन घरात चालते, पण पाय फरफटतो. उजवा हात मात्र तसाच. खांद्यातून थोडा उचलतो, कोपरात वाकतो, मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. खूप प्रयत्न केला की मनगट किंचित वर येतं, अंगठा आणि दोन बोटं जरा उघडतात. मी रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास तिचा हात वर-खाली करून देते, मालिश करते, मऊ चेंडू दाबायला देते. आम्ही तिला घरात कशालाच हात लावू देत नाही. आता फिजिओ म्हणतात, सहा महिन्यांनंतर फारसा फरक पडत नाही. आई घरी शिवणकाम करायची, आता मशीनकडे बघतही नाही. परवा म्हणाली, "हा हात कापून तरी टाका, उगीच लटकतोय," आणि रडत राहिली. आमचं काय कमी पडतंय? आणि खरंच आता एकच महिना उरलाय का?
– एक लेक

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. 'आम्ही तिला घरात कशालाच हात लावू देत नाही.' हे तुम्ही मायेपोटी करताय, ते कळतं. बहुतेक घरांत असंच होतं, आणि माणसं जितकी जीव लावणारी तितकं ते जास्त होतं. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्याच वाक्यात आहे. हात परत यायचा तर त्याला काम लागतं, आणि गेले पाच महिने तुमच्या घरात त्या हाताला कामच उरलेलं नाही.

आधी त्या एका महिन्याची भीती घालवते. स्ट्रोकनंतरचे पहिले तीनेक महिने मेंदू आपणहूनही सावरत असतो. सूज उतरते, मेलेल्या भागाच्या कडेच्या पेशी पुन्हा कामाला लागतात, नव्या जोडण्या भराभर होतात. त्या काळात दर आठवड्याला काहीतरी नवं दिसतं. मग वेग मंदावतो, आणि वेग मंदावला म्हणजे दार बंद झालं असा अर्थ लोक काढतात. माझ्या व्यवसायातले लोकही काढतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हे एक वाक्य ऐकून कितीतरी माणसं प्रयत्न सोडून देतात. लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या मेंदूविकारांच्या रुग्णालयात फक्त हातासाठी तीन आठवड्यांचा एक कार्यक्रम चालतो. तीन आठवड्यांत ९० तास काम. २०१९ साली त्यांनी २२४ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांतल्या निम्म्या लोकांना स्ट्रोक येऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ उलटला होता. त्यांचे हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा सुधारणा टिकून होती. तुमच्या आईंचा तर पाचवा महिना आहे. हात पूर्वीसारखा होईल असं वचन मी देणार नाही, कुणीही देऊ नये. पण दार उघडं आहे, एवढं नक्की.

आता त्या हातात काय झालंय ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की काय करायचं हे बरंचसं आपोआप सुचतं. स्ट्रोकमध्ये हात बिघडत नाही, हाताला हुकूम देणारी मेंदूतली जागा बिघडते. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली की तिच्यावर जगणाऱ्या पेशी मरतात. स्नायू आणि हाडं जागच्या जागी असतात. सुरुवातीला हुकूम पोचतच नाही, हात लुळा पडतो. माणूस तो हलवायला जातो, हलत नाही. पुन्हा जातो, पेला सांडतो. दुसरा हात तेच काम चटकन उरकतो. थोड्याच दिवसांत मेंदू एक धडा घेतो, की ह्या हाताला सांगण्यात अर्थ नाही. पुढे हुकूम थोडाफार पोचायला लागला तरी ही सवय जात नाही, आणि हात जेवढं करू शकतो तेवढंही करत नाही.

एडवर्ड टाउब ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे माकडांमध्ये पाहिलं होतं. एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर माकडांनी तो हात वापरणं सोडलं, हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही. चांगला हात बांधून ठेवला तेव्हा तोच 'निकामी' हात कामाला लागला. (त्या प्रयोगांत मुक्या प्राण्यांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत, हेही इथे लिहून ठेवते.) पुढे १९९६ साली रँडॉल्फ नूडो ह्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांमध्येच दाखवलं की मेंदूच्या हात चालवणाऱ्या भागाला छोटी इजा झाल्यावर हाताला सराव दिला, तर शेजारचा शाबूत भाग टिकतो, कधी कधी वाढतोही. सराव न देता सोडून दिलं तर इजा न झालेल्या भागातूनही हाताची जागा कमी होते. म्हणजे बसून राहणं ही नुसती वाट पाहणं नसते. त्यात असलेलंही जातं.

म्हणून तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या अर्ध्या तासाबद्दल स्पष्ट बोलते. तुम्ही हात वर-खाली करून देता तेव्हा काम तुमचे हात करतात, आईंचा हात फक्त प्रवास करतो. त्याचा उपयोग आहे. सांधा मोकळा राहतो, कातडी-बोटं स्वच्छ राहतात, हात आपला वाटत राहतो. त्यासाठी दिवसातून दहा मिनिटं पुरेत. त्याने हालचाल परत येत नाही, कारण मेंदूने हुकूम दिलेलाच नसतो. उरलेल्या वेळात तोच व्यायाम वेगळ्या तऱ्हेने करा. हात तुम्हीच धरा, पण त्याचं वजन तेवढं सांभाळा आणि त्यांना म्हणा, "आता तू ने, मी फक्त धरलाय." मग थांबा. चार-पाच सेकंद काहीच होणार नाही. तेवढ्यात तुमचा हात आपोआप पुढे जाऊ पाहील, त्याला आवरा. त्या चार सेकंदांत आईंच्या कपाळावर आठी पडेल, श्वास रोखला जाईल (तो रोखू देऊ नका, मोठ्याने आकडे म्हणायला सांगा), आणि मग दंडाचा स्नायू तुमच्या बोटांखाली जरासा फुरफुरेल. एवढंच पाहिजे. ती फुरफुर म्हणजे हुकूम पोचल्याची खूण आहे.

चेंडू मात्र कपाटात ठेवून द्या. ह्यावर सगळ्या फिजिओंचं एकमत नाही, मी माझं मत सांगते. आईंची अडचण मूठ मिटण्याची नाहीच, मूठ उघडण्याची आहे. मिटणारे स्नायू आधीच ताठरलेत. दिवसभर चेंडू दाबून आपण मिटण्याचाच सराव वाढवतो.

उघडण्याचा सराव असा. हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेबलावर, तळहात खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं. मनगट असं खाली पडलं की बोटं थोडी आपोआप सैल होतात, करून बघा, तुमच्याही हाताला जाणवेल. त्या सैल जागेवरून त्यांनी मनगट वर उचलायचा प्रयत्न करायचा, आणि बोटं उघडी राहतील तेवढंच उचलायचं. पुढच्या टप्प्यात टेबलावर एक हलका प्लास्टिकचा रिकामा पेला ठेवा. त्याच्याकडे हात न्यायचा, अंगठा आणि दोन बोटं पेल्याभोवती जातील एवढी उघडायची, धरायचा, आणि सोडायचा. धरणं लवकर जमेल. सोडताना वेळ लागेल, चिडचिड होईल, डाव्या हाताने बोटं सोडवायचा मोह होईल. सोडणं हाच खरा व्यायाम आहे, धरणं नुसतं तिथवर पोचण्यासाठी.

आणखी एक व्यायाम जवळून सांगते, कारण ह्यात सगळे एकाच ठिकाणी फसतात. टेबलाशी पाठीच्या खुर्चीवर बसवा, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. टेबलावर घडी केलेला पातळ टॉवेल, त्यावर उजवा तळहात. टॉवेल पुढे सरकवायचा. तुमचं लक्ष हाताकडे जाईल, पण तुम्ही पाठीकडे बघा. टॉवेल चार बोटं पुढे जाईल आणि त्याबरोबर अख्खं धड पुढे झुकेल, उजवा खांदा कानाकडे चढेल. हात लांबलाच नाही, कंबर लांबली. मेंदूला काम उरकायचं असतं, कसं उरकलं ह्याची त्याला पर्वा नसते. ही पळवाट महिनाभर घोटली की तीच पक्की होते. म्हणून पाठ आणि खुर्ची ह्यांच्यामध्ये एक कागद धरून ठेवायला सांगा. कागद पडला की ती खेप मोजायची नाही. पहिल्या दिवशी टॉवेल कदाचित एकच बोट पुढे जाईल. चालेल. ते एक बोट कोपराने मिळवलेलं आहे. टेबलावर खडूने खूण करा, उद्या त्या खुणेच्या जरा पुढे जायचं बघा. खूण सहज गाठता यायला लागली की मध्ये एक पुस्तक आडवं ठेवा, म्हणजे हात सरकवण्याऐवजी थोडा उचलावा लागेल. दहातल्या सात-आठ खेपा जमतायत आणि दोन-तीन फसतायत, एवढी अडचण कायम ठेवा. दहाच्या दहा जमायला लागल्या म्हणजे व्यायाम जुना झाला.

किती वेळा करायचं? तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. २००९ साली कॅथरीन लँग ह्या अमेरिकी संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी व्यायामाच्या सत्रांत शेजारी उभं राहून प्रत्यक्ष मोजलं. ज्या सत्रांत हाताने काही काम करण्याचा सराव होता, त्यांत तो सरासरी ३२ वेळा झाला. ३२! प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदललेला दिसतो तो रोजच्या शेकडो आवर्तनांनी. त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की स्ट्रोकची माणसंही तासाभरात ३०० पेक्षा जास्त आवर्तनं करू शकतात, फक्त तशी आखणी लागते. तुमच्या कागदावर 'दहा वेळा, दिवसातून दोनदा' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा फार छोटा आहे. एकदम ३०० वर उडी मारू नका. तीन कामं निवडा, प्रत्येकी वीस-पंचवीसपासून सुरुवात करा, सकाळच्या ताज्या वेळात, मध्ये विश्रांती घेत, आणि दर आठवड्याला वाढवत जा. मोजायचं काम आईंकडे द्या. आकडे मोठ्याने म्हणणं हा त्यांच्या बोलण्याचाही सराव आहे.

पण आकड्याचं वेडही लागू देऊ नका. लँग ह्यांच्याच गटाने २०१६ साली ८५ जणांवर पाहिलं. कुणाला एकूण ३,२०० आवर्तनं, कुणाला ६,४००, कुणाला ९,६००, काहींना झेपतील तितकी. आवर्तनं वाढवली त्या प्रमाणात फायदा वाढला नाही. मी ह्यातून काय शिकले ते सांगते. तासभर घाम गाळायचा आणि उरलेला दिवस तो हात मांडीवर ठेवून बसायचं, ह्याने भागत नाही. माकडांवरच्या त्या प्रयोगांतून टाउब ह्यांनी माणसांसाठी चांगल्या हाताला मोजा घालून ठेवण्याची पद्धत काढली, तीतही नुसता सराव नव्हता. सरावात आलेलं घरात वापरायचं, ह्यासाठी रुग्ण आणि घरचे ह्यांच्यात चक्क लेखी करार व्हायचा, अमुक कामं ह्याच हाताने करायची म्हणून.

तुमच्या घरी असा कागद आजच करा. आजच्या हाताला जमतील अशी पाच कामं, जास्त नकोत. सुरुवातीची कामं दाबून धरण्याची असू देत, ती सगळ्यात लवकर जमतात. डावा हात लिहीत असताना कागद दाबून धरणं. डावा हात झाकण फिरवत असताना बाटली पोटाशी धरून ठेवणं. टॉवेलची घडी घालताना एक टोक सांभाळणं. टेबल पुसणं, तेही उजव्या तळहाताखाली फडकं ठेवून. दिव्याचं बटण मुठीच्या मागच्या बाजूने का होईना, पण उजव्यानेच. ही कामं आता घरात दुसऱ्या कुणाची नाहीत. त्यांना दुप्पट-तिप्पट वेळ लागेल आणि तुम्हाला उशीर होत असेल तेव्हा बघवणार नाही. घरच्या माणसांची खरी कसोटी तिथे आहे. आईंनी मदत मागितली तर करा. मागायच्या आत करू नका. गरम भांडी, काच, सुरी ह्यांपासून मात्र तो हात लांब ठेवा, विशेषतः त्या हाताला गरम-गार नीट कळत नसेल तर.

चांगल्या हाताला मोजा घालण्याची ती पद्धत तुमच्या आईंना लागू पडू शकते. २००६ साली 'एक्साइट' नावाच्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला. २२२ रुग्ण, स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे चांगल्या हातावर जाड मोजा, जागेपणीच्या ९० टक्के वेळासाठी, आणि त्याबरोबर रोज काही तास सराव. नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांपेक्षा त्यांचे हात जास्त सुधारले आणि वर्षानंतरही फरक टिकला. त्यात घेण्याची अट अशी होती की मनगट, अंगठा आणि निदान दोन बोटं स्वतःहून थोडी तरी उघडता आली पाहिजेत. तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलात की 'अंगठा आणि दोन बोटं जरा उघडतात'. ते वाचून मला फार बरं वाटलं. ही उघडझाप किती आहे ते फिजिओकडून मोजून घ्या आणि ह्या पद्धतीबद्दल थेट विचारा. इतका वेळ झेपणार नसेल तर दिवसातले काही तास मोजा घालण्याचे सौम्य प्रकारही आहेत. आपल्या मनाने सुरू करू नका, कारण आई काठी डाव्या हातात धरतात. चालताना, जिन्यावर, न्हाणीघरात तो हात मोकळाच हवा.

बोटं फार दमली की आरसा वापरा. आरसा टेबलावर उभा, उजवा हात त्याच्यामागे लपलेला, डावा समोर. आरशात बघत डाव्या हाताची मूठ सावकाश उघडायची-मिटायची. दिसतं असं, जणू उजवाच उघडतोय. त्याच वेळी आरशामागच्या हातानेही प्रयत्न करायचा. फॅन्टम लिंबच्या, म्हणजे कापून टाकलेल्या हातापायात जाणवणाऱ्या, वेदनांसाठी सुरू झालेली ही युक्ती १९९९ पासून स्ट्रोकसाठी वापरली जातेय आणि तिच्या बाजूने बराच पुरावा जमलाय. पंधरा-वीस मिनिटं, शांत खोलीत.

खांद्याबद्दल कडक शब्दांत सांगते. आईंना उठवताना उजव्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, कुणालाच ओढू देऊ नका. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनीच जागेवर धरलेला असतो. ते स्नायू दुबळे झाले की हाताच्या वजनानेही सांधा खाली उतरतो, आणि एका हिसक्याने जे दुखणं सुरू होतं ते महिनोन्महिने सगळे व्यायाम बंद पाडतं. बसलेल्या असताना तो हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला असू दे, लोंबता नको. कपडे घालताना आधी उजवा हात, काढताना शेवटी उजवा. डोक्यावरच्या कप्पीच्या दोरीने हात ओढून वर नेण्याचा व्यायाम कुणी सुचवला तर नको म्हणा.

पायाकडे वळते. पायाला हातापेक्षा एक गोष्ट सोपी असते, त्याच्याशिवाय चालताच येत नाही, त्यामुळे त्याला काम मिळतंच. पण तोही कामचुकारपणा शिकतो. खुर्चीतून उठणं हा पायाचा राजा व्यायाम. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित मागे, म्हणजे वजन त्याच्यावर येईल. नाक पायाच्या बोटांपुढे जाईल एवढं वाकायचं आणि मग उठायचं. हातांनी ओढून नाही. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की कमी करा. बसताना धपकन नको, सावकाश, कारण खाली येतानाही स्नायू शिकतो. वजन उजव्या पायावर येतंय का हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी वजनकाटा घ्या. उजवं पाऊल काट्यावर, डाव्याखाली तेवढ्याच उंचीची घट्ट फळी, समोर आधाराला स्थिर टेबल आणि शेजारी तुम्ही. आईंचं वजन ६० किलो असेल आणि काटा १५ दाखवत असेल, तर तो पाय नुसताच उभा आहे. आकडा ३० च्या जवळ नेणं हा खेळ त्यांना आवडेल. आकडा खोटं बोलत नाही आणि कुणाला रागवतही नाही.

फरफटणाऱ्या पावलासाठी घोट्याचा ब्रेस, ज्याला एएफओ म्हणतात, तो लागेल का ते तपासून घ्या. अनेक घरांत तो घालणं म्हणजे हार मानणं समजतात. उलट आहे. पाऊल अडखळायचं थांबलं की माणूस जास्त चालतो, आणि जास्त चालणं हाच व्यायाम. महिन्यातून एकदा दहा मीटर मोजून घड्याळ लावा. २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर चालणं घरापुरतं आहे, साडेबारा सेकंदांच्या आत आलं की बाहेरच्या जगात बऱ्यापैकी निभावतं, असा आमचा ढोबळ हिशेब असतो. वजन उचलून ताकद वाढवली तर ताठरपणा वाढेल ही जुनी भीती खरी ठरलेली नाही, तेव्हा फिजिओ पायाला वजन बांधा म्हणाले तर घाबरू नका.

महागड्या यंत्रांबद्दल थोडक्यात. २०११ साली अमेरिकेतल्या 'लीप्स' चाचणीत ४०८ रुग्ण होते. अंगाचं वजन पट्ट्यांनी पेलून ट्रेडमिलवर चालवणं एका बाजूला, आणि फिजिओने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे, तोलाचे व्यायाम दुसऱ्या बाजूला. वर्षाअखेर दोन्हींचा फायदा सारखाच होता. सहा महिने थांबून मग ट्रेडमिल सुरू केलेलेही वर्षाअखेर तिथेच पोचले होते. हाताच्या रोबोटवरची ब्रिटनमधली ७७० रुग्णांची चाचणी २०१९ साली आली, तीतही रोबोटने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात फरक पडला नाही. विजेच्या मंद झटक्यांचं यंत्र मात्र फिजिओ सुचवत असतील तर जरूर वापरा, मनगट उचलायचा स्वतःचा प्रयत्न आणि झटका एकाच वेळी, असं. मूठ इतकी घट्ट असेल की तळहात धुता येत नाही, तर ताठर स्नायूंत द्यायच्या बोटुलिनमच्या इंजेक्शनबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा. त्याने हालचाल येत नाही, पण स्नायू काही महिने सैल पडतो आणि सरावाला जागा मिळते.

आईंच्या रडण्याबद्दल. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. एक थकवा. स्ट्रोकनंतरचा थकवा आळस नसतो, झोपूनही न जाणारा असतो. म्हणून व्यायाम छोट्या तुकड्यांत, आणि दुपारची विश्रांती ठरलेली. दुसरं, स्ट्रोकमुळे रडण्या-हसण्यावरचा ताबाच सुटतो, वाईट न वाटताही डोळे वाहतात. तिसरं, नैराश्य. स्ट्रोक आलेल्या साधारण तीनांतल्या एकाला ते कधी ना कधी गाठतं, आणि त्यावर औषध आहे. 'हा हात कापून टाका' हे वाक्य मी हलक्यावर घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते जसंच्या तसं सांगा.

व्यायाम वाढवण्याआधी रक्तदाब किती आहे आणि किती झेपेल हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. औषधं एक दिवसही चुकू देऊ नका. व्यायामात छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, चक्कर आली, किंवा एका पोटरीला सूज आणि दुखणं आलं, तर थांबा आणि लगेच दाखवा. चेहरा अचानक वाकडा झाला, बोलणं पुन्हा अडखळलं, नव्याने हात-पाय गळाला, तर वेळ बघून ठेवा आणि त्याच मिनिटाला रुग्णालयात निघा. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते देता येईल का हे तिथले डॉक्टरच ठरवू शकतात, त्यामुळे 'जरा पडून राहू, बरं वाटेल' ह्यात वेळ जाता कामा नये.

राहता राहिलं शिलाई मशीन. त्यावरचं कव्हर काढा, पण शिवायला बसवू नका, सुईजवळ तर नाहीच. मशीनशेजारच्या टेबलावर कापडाचा एक तुकडा आणि खडू ठेवा. आईंना म्हणा, मला ह्यावर सरळ रेघ ओढून दे. रेघ त्या डाव्या हाताने ओढतील, वाकडी येईल, आणि कापड सरकेल. कापड सरकू नये म्हणून दुसरा हात वर ठेवावा लागतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. तुम्ही काही सुचवू नका, हात उचलून कापडावर ठेवूही नका. शेजारी बसा आणि किती वेळ लागतो ते बघा. उजवा हात मांडीवरून उठून कापडावर आला की वहीत तारीख घाला.